अमेरिकेत भाचीचे लग्न मी लावले, तर ते कायद्याने ग्राह्य धरले जाईल का?

आपण लिहिले आहे, की आपण पुण्यात पौरोहित्य शिकलात, भाचीचे लग्न येत्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात आहे, ते मावशीनेच लावावे असा तिचा हट्ट आहे, आणि आपण पर्यटक व्हिसावर येणार असल्याने असे लग्न कायदेशीर ठरेल का, याची घरात सर्वांना काळजी आहे. ते कायदेशीर ठरेल. मी सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या गावांमध्ये गेली बारा वर्षे मराठी लग्ने लावते आहे, त्यामुळे नियम आणि अनुभव असे दोन्ही सविस्तर सांगते.

सर्वांत आधी एक फरक मनात पक्का करावा लागतो, कारण भारतातून येणाऱ्या पुरोहिताची गफलत बहुधा तिथेच होते. भारतात हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार लग्न हे विधीने लागते, आणि ज्या विधीत सप्तपदी आहे तिथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण होतो. नोंदणी ही त्या लागलेल्या लग्नाची केवळ नोंद असते. विधी न करता नुसते प्रमाणपत्र मिळवले, तर तो हिंदू विवाह ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्टच सांगितले. कॅलिफोर्नियात क्रम उलटा आहे. तिथे लग्नाआधी सरकारकडून परवाना काढावा लागतो, ज्याला सगळे मॅरेज लायसन्स म्हणतात, आणि विधी कोणता करावा याबद्दल कायदा काहीच सांगत नाही. तो एवढेच मागतो, की वधू आणि वर यांनी लग्न लावणाऱ्या व्यक्तीसमोर आणि साक्षीदारासमोर एकमेकांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार करीत असल्याचे स्वतःच्या तोंडाने सांगावे.

आता आपल्या लग्नाकडे या नजरेने पाहा. अंतरपाट धरला जातो, मंगलाष्टके होतात, अक्षता पडतात, कन्यादान, पाणिग्रहण, लाजाहोम, सप्तपदी असे सगळे यथासांग होते. पण या साऱ्या वेळात वधूवरांना स्वतःच्या भाषेत, समजून उमजून काही बोलायला आपण क्वचितच लावतो. संस्कृत मंत्र गुरुजी म्हणतात, फार तर वर त्यांच्यामागून म्हणतो, आणि वधू बहुतेक वेळा गप्पच असते. ‘नातिचरामि’ हे वचनही वरानेच द्यायचे असते. म्हणून मी माझ्या प्रत्येक लग्नात सप्तपदी झाल्यावर, ध्रुवदर्शनाच्या आधी, दोघांना सर्वांकडे तोंड करून उभे करते आणि ‘मी हिचा पत्नी म्हणून स्वीकार करतो’, ‘मी ह्यांचा पती म्हणून स्वीकार करते’ ही वाक्ये आधी मराठीत आणि मग इंग्रजीत मोठ्याने म्हणून घेते. हे कायद्यासाठी आवश्यक आहेच, पण मला ते त्याहून अधिक वाटते. माझ्या मते आपल्या विधीत राहून गेलेली जागा त्या दोन वाक्यांनी भरते, आणि मंडपातली जी माणसे तोवर आपापसांत बोलत असतात, ती त्या क्षणी हमखास शांत होतात.

अधिकाराचा प्रश्न त्यानंतरचा. कॅलिफोर्नियात धार्मिक पद्धतीने लग्न लावणारी व्यक्ती अठरा वर्षांवरील असावी आणि कोणत्याही धर्मपंथाची पुजारी किंवा त्या पंथाने अधिकार दिलेली असावी, एवढीच अट आहे. ती त्या राज्याची रहिवासी किंवा अमेरिकेची नागरिक असण्याची गरज नाही, आणि तिने काउंटीकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाकडे, आधी नाव नोंदवण्याचीही गरज नाही. असा अधिकार देण्याला इथे ऑर्डिनेशन म्हणतात. तो ऑनलाइन, काही मिनिटांत आणि फुकट देणाऱ्या संस्था आहेत. त्यांतली सर्वांत जुनी आणि परिचित म्हणजे युनिव्हर्सल लाइफ चर्च, जी किर्बी हेन्स्ली या धर्मोपदेशकाने कॅलिफोर्नियातल्याच मोडेस्टो गावी काढली आणि १९६२ साली नोंदवली. अमेरिकेत मित्राने मित्राचे, मावशीने भाचीचे लग्न लावण्याची जी पद्धत आज सर्रास दिसते, ती मुख्यतः अशा संस्थांमुळे पडली आहे. अशा संस्थेत नाव नोंदवल्याने आपला धर्म बदलत नाही आणि कोणतेही मत मान्य केल्याची शपथ घ्यावी लागत नाही, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी तशी शंका काढली तर त्यांना निःशंक मनाने सांगावे.

तरीही मी स्वतः तो मार्ग घेतला नाही. सप्तपदीचे मंत्र म्हणायचे आणि फॉर्मवर आपल्या नावापुढे एका चर्चचे नाव लिहायचे, हे मला पटले नाही. आमच्या गावातल्या एका लहानशा मंदिराच्या विश्वस्तांना मी माझे शिक्षण दाखवले, त्यांच्यासमोर एक विवाहविधी संपूर्ण चालवून दाखवला, आणि त्यांनी त्यांच्या कागदावर मला विवाहसंस्कार करण्याचा अधिकार देणारे पत्र दिले. फॉर्मवर पंथाच्या रकान्यात मी ‘हिंदू’ आणि पदाच्या रकान्यात ‘पुरोहित’ असे लिहिते. आपण जिथे शिकलात त्या संस्थेनेच असे अधिकारपत्र इंग्रजीत दिले, तर ते जवळ बाळगावे. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने स्त्रियांना आणि सर्व जातींच्या लोकांना पौरोहित्य शिकवण्याची जी वाट घातली, तिच्यामुळे आज माझ्यासारख्या कितीतरी बायका हे काम मानाने करतात. त्या शिक्षणाचा उल्लेख आपल्या पत्रात असावा असे मला मनापासून वाटते.

तिसरा मार्ग निखळ सरकारी आहे. कॅलिफोर्नियातल्या अनेक काउंट्या ठरावीक शुल्क घेऊन एखाद्या व्यक्तीची एका दिवसापुरती विवाह-अधिकारी म्हणून नेमणूक करतात आणि तिला शपथ देतात. ज्यांना कोणत्याही धर्मसंस्थेचे नाव नको असते, त्यांच्यासाठी तो चांगला आहे. पण ती नेमणूक नागरी विवाहासाठी असते आणि शपथेसाठी आधी जाऊन यावे लागते, म्हणून आठवडाभर आधी पोहोचणाऱ्या आणि विधी करणाऱ्या मावशीला मी तो सुचवणार नाही.

परवाना मात्र वधूवरांनीच काढायचा असतो. दोघांनी ओळखपत्र घेऊन काउंटी क्लार्कच्या कचेरीत एकत्र जायचे, शुल्क भरायचे, आणि परवाना घेऊन यायचे. तो राज्यातल्या कोणत्याही काउंटीतून काढता येतो, राज्यात कुठेही चालतो आणि नव्वद दिवस वैध असतो. काढल्यावर थांबावे लागत नाही, त्याच दिवशी लग्न लावले तरी चालते. नेहमीच्या, म्हणजे सार्वजनिक, परवान्यावर किमान एका साक्षीदाराची सही लागते आणि दोन सह्यांची सोय असते. आपण विधी सुरू करण्याआधी तो कागद प्रत्यक्ष पाहायलाच हवा, तसे कायद्याचे बंधन आपल्यावर आहे. सीमान्तपूजनाच्या वेळी, म्हणजे आदल्या संध्याकाळी, मी तो मुलीच्या आईकडून मागून घेते. लग्नाच्या सकाळी परवाना घरी राहिला, असे सांगणारा फोन मुहूर्ताच्या तासभर आधी जाऊ नये, एवढाच त्यात हेतू असतो.

लग्न लागल्यावर लग्न लावणाऱ्याने तोच परवाना भरायचा असतो: लग्नाची तारीख, गाव, काउंटी, आपले नाव, पद, पंथ आणि पत्ता, मग सही करून तो दहा दिवसांच्या आत परवाना देणाऱ्या काउंटीच्या रेकॉर्डरकडे, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पोहोचवायचा. ही जबाबदारी वधूवरांची नसून आपली आहे. शाई काळी हवी, खाडाखोड चालत नाही आणि चूक झाकायची पांढरी शाईही चालत नाही. तारखेच्या बाबतीत मी स्वतः केलेली चूक सांगते, कारण भारतात शाळा शिकलेल्या कोणाच्याही हातून ती होऊ शकते. सात सप्टेंबरचे लग्न होते आणि मी सवयीने आधी दिवस आणि मग महिना लिहिला. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे कागदावर ते लग्न नऊ जुलैला, म्हणजे परवाना निघण्याच्याही आधी लागले असे दिसू लागले. कागद परत आला, जोडप्याला दुसऱ्यांदा शुल्क भरून दुय्यम परवाना काढावा लागला, आणि मुलीचे नाव बदलण्याची सगळी कामे दीड महिना अडकली. मला त्याचे फार वाईट वाटले. तेव्हापासून मी तो फॉर्म मंडपाच्या गर्दीत भरत नाही. जेवणाच्या आधी एका बाजूच्या खोलीत बसून, साक्षीदाराला शेजारी बसवून, प्रत्येक रकाना मोठ्याने वाचत भरते.

दुसरी एक गोष्ट आपल्या भाचीला आजच विचारा: लग्न नक्की कुठे आहे? आपण फक्त कॅलिफोर्निया लिहिले आहे, पण इथली बरीच लग्ने लेक टाहोच्या काठी होतात आणि त्या तलावाच्या मधून राज्यांची सीमा जाते. हॉटेल पूर्वेच्या काठावर असेल तर आपण नेवाडात असता. तिथे कॅलिफोर्नियाचा परवाना चालत नाही, नेवाडाचाच काढावा लागतो, आणि लग्न लावणाऱ्यालाही तिथल्या काउंटी क्लार्ककडून आधी परवानगी घ्यावी लागते. अमेरिकेत विवाहाचा कायदा राज्याराज्यांचा वेगळा आहे, हे पुढे दुसऱ्या कोणाचे लग्न लावायची वेळ आली तरी विसरू नका. न्यूयॉर्क शहरात लग्न लावणाऱ्याने आधी सिटी क्लार्ककडे नोंदणी करायची असते. व्हर्जिनियात धर्मोपदेशकाला न्यायालयाकडून अधिकार मिळवावा लागतो. मॅसॅच्युसेट्समध्ये एका दिवसाची नेमणूक थेट राज्यपालांच्या नावाने होते. टेनेसीने २०१९ साली ऑनलाइन अधिकार मिळवलेल्यांना लग्ने लावण्यास मनाई करणारा कायदा केला आणि तो वाद न्यायालयात गेला. पेनसिल्व्हेनियात तर २००७ साली यॉर्क काउंटीच्या न्यायालयाने इंटरनेटवरून दीक्षा घेतलेल्या माणसाने लावलेले लग्न अवैध ठरवले, आणि २००८ साली त्याच राज्यातल्या बक्स काउंटीच्या न्यायालयाने नेमका उलट निकाल दिला. मंदिराचे किंवा शिक्षणसंस्थेचे खरेखुरे पत्र असावे असा माझा आग्रह या निकालांमुळेही आहे.

व्हिसाबद्दल थोडक्यात. पर्यटक व्हिसावर मोबदल्याचे काम करता येत नाही, म्हणून दक्षिणा, मानधन किंवा पाकीट यांपैकी काहीही घेऊ नये, आग्रह झाला तरी. भाचीचे लग्न प्रेमाने लावणे ही वेगळी गोष्ट आहे.

भाचीचे आणि तिच्या वराचे नोंदणी लग्न आधीच झाले आहे का, हेही मोकळेपणाने विचारा. व्हिसाच्या किंवा विम्याच्या कारणाने इथली अनेक जोडपी काही महिने आधी काउंटीच्या कचेरीत जाऊन लग्न करून येतात आणि वडीलधाऱ्यांना दुखवायचे नाही म्हणून ते सांगत नाहीत. तसे असेल तर आपल्याला परवाना, सही, दहा दिवसांची मुदत यांपैकी कशाचीच चिंता नाही. आपण केवळ संस्कार करणार आहात आणि तो मनापासून करावा. ते गुपित त्यांचे आहे, ते मांडवात सांगण्याचे काम पुरोहिताचे नाही.

होमाचा विचार लवकर करा. इथल्या सभागृहांमध्ये उघड्या ज्वालेवर निर्बंध असतात, छताला धूर ओळखणारी यंत्रे आणि पाण्याचे फवारे असतात, आणि परवानगी नसेल तर ऐन लाजाहोमाच्या वेळी व्यवस्थापक अग्नी विझवायला सांगतो. परवानगी लेखी घ्यावी, कुंड लहान घ्यावे, समिधा अगदी कोरड्या आणि मोजक्या ठेवाव्यात, तूप बेताने घालावे. बाहेर हिरवळीवर विधी करता आला तर सर्वांत उत्तम, पण ऑक्टोबर हा इथे वणव्यांचा काळ असतो आणि काही ठिकाणी बाहेरच्या अग्नीवरही बंदी घातली जाते, तेव्हा दोन्हीची चौकशी करावी.

काउंटीकडे कागद नोंदवला गेला, की भाचीने रेकॉर्डरकडून प्रमाणित प्रती मागवायच्या असतात. त्या आपोआप घरी येत नाहीत. पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी, बँक आणि व्हिसा अशा सगळ्या ठिकाणी त्याच लागतात, म्हणून तीन प्रती घ्याव्यात असे मी सांगते. त्यांतली एक भारतात वापरायची असेल, तर तिच्यावर कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाकडून अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे प्रमाणन, करून घ्यावे.

निघण्यापूर्वी व्हिडिओ कॉलवर भाची आणि जावईबापू या दोघांकडून स्वीकाराची ती दोन वाक्ये दोन-तीनदा म्हणवून घ्या. वराची मराठी कच्ची असेल तर त्याला ती त्याच्या लिपीत लिहून द्या. लग्नाच्या दिवशी मात्र कागद त्याच्या हाती देऊ नका. आपण एकेक शब्द सांगावा आणि त्याने तिच्याकडे पाहत तो म्हणावा.