पासवर्ड लीक झाला, आता आधी काय करू?

प्रश्न: एका शॉपिंग साइटचा मेल आलाय की ग्राहकांचे ईमेल-पासवर्ड लीक झालेत. मी लगेच पासवर्ड बदलला, पण तोच अजून दोन-तीन ठिकाणी आहे आणि कार्डही सेव्ह आहे. एवढं पुरेल ना?

उत्तर: नाही पुरणार. त्या साइटपेक्षा मला ते ‘दोन-तीन ठिकाणी’ जास्त खटकतंय. लीक झालेली यादी हातात आली की चोर तेच ईमेल-पासवर्ड प्रोग्रॅम लावून बाकीच्या साइटवर धडाधड टाकून बघतात, याला क्रेडेन्शियल स्टफिंग म्हणतात, आणि २०१९ च्या जानेवारीत बाहेर आलेल्या ‘कलेक्शन नंबर १’ या एकाच ढिगात ७७ कोटींहून जास्त ईमेल होते, तेव्हा ‘माझ्यामागे कोण लागतंय’ असं समजू नका, तिथे कुणी माणूस बघून निवडत नाही.

आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्यांचं ‘पासवर्ड विसरलात?’ची लिंक तिथेच येते. तिथलं फॉरवर्डिंग, म्हणजे आलेला मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं, आणि फिल्टरही उघडून बघा (हे कोणी बघतच नाही!), ‘ऑर्डर’ शब्द असलेला मेल थेट डिलीट असा फिल्टर कुणी लावून ठेवला असेल तर तुमच्या नावावर खरेदी होत राहील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. मग तोच पासवर्ड असलेली बाकीची अकाउंट, प्रत्येकाला वेगळा. काही साइटवर पासवर्ड बदलला तरी जुनं लॉगिन चालूच राहतं, म्हणून ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट’ दाबाच. सेव्ह केलेले पत्ते बघा, अनोळखी दिसला तर आधी स्क्रीनशॉट, मग डिलीट, मग कस्टमर केअर. कार्ड काढून टाका, दरवेळी नंबर टाकायचा कंटाळा परवडला.

प्रश्न: मग आता दर महिन्याला पासवर्ड बदलत राहू का?

उत्तर: कशाला? माणूस शेवटी १ चा २ करतो, बाकी तेच. अमेरिकेची एनआयएसटी ही संस्थाही म्हणते की लीक झाल्याचं दिसलं तरच बदलायला लावा. त्यापेक्षा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड लक्षात ठेवणारं ॲप, घ्या आणि टू-स्टेप लॉगिन, म्हणजे पासवर्डनंतर अजून एक कोड, चालू करा, जमलं तर तो कोड एसएमएसऐवजी फोनवरच तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपने. पासकीची (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने, म्हणजे बोट, चेहरा किंवा पिनने लॉगिन) सोय असेल तर अजून छान, ती खोट्या साइटवर चालतच नाही.

आणि हो, पहिला प्रश्न विचारणाऱ्यांनी एक बघा, पासवर्ड बदलला तो त्या मेलमधल्या लिंकवरून का? लीकच्या बातमीआड असे खोटे मेल सर्रास येतात. तसं असेल तर साइटचा पत्ता स्वतः टाइप करून आजच पुन्हा बदला.