खरेदीखताआधीची झोप

“रजिस्ट्रेशनच्या दिवशी काही चुकले तर आयुष्यभराची पुंजी अडकेल,” हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की त्यावर लिहिणे मला भाग वाटते. पुढील अनुभव माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका गृहस्थांचा असून ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पुण्यात वडिलांच्या जुन्या मित्राची, ज्यांना ते काका म्हणत, सदनिका ते ६२ लाखांना घेत होते. खरेदीखत दोन आठवड्यांवर आले आणि त्यांची झोप उडाली. रोज रात्री ते मुद्रांक शुल्काचा हिशेब पुन्हा मांडत आणि आधार व पॅनवरील नावांची स्पेलिंग ताडून पाहत. ही तपासणी आवश्यकच होती, कारण ठरलेली किंमत आणि रेडीरेकनरचे, म्हणजे सरकारी दरपत्रकाचे, मूल्य यांपैकी जे अधिक, त्यावर शुल्क आकारले जाते. परंतु ती तिसऱ्याच रात्री पूर्ण झाली होती.

“मग चुकणार काय?” मी विचारले.

“काहीही.”

“काहीही म्हणजे काय, ते लिहा. अर्धे वाक्य चालणार नाही.”

घटनेपेक्षा तिच्याविषयी माणूस स्वतःशी जे बोलतो ते त्याला अधिक छळते, या विचारावर माझे काम उभे आहे. म्हणून ते बोलणे कागदावर उतरेपर्यंत मी सल्ला देत नाही. त्यांनी ११ वाक्ये लिहिली. शेजारी मी दोन रकाने आखले: ‘पाहून झाले’ आणि ‘विचारायचे राहिले’. आठ वाक्ये पहिल्या रकान्यात गेली. उरलेली तिन्ही काकांना विचारायची होती: कर्ज फिटल्याचे पत्र आणि मूळ कागद बँकेकडून हाती आले का, दिवंगत काकूंच्या हिश्श्याचे काय झाले, आणि किमतीतून एक टक्का, म्हणजे ६२ हजार रुपये, टीडीएस (विक्रेत्याच्या नावे आधीच कापून सरकारकडे भरायचा आयकर) कापला जाईल हे त्यांना ठाऊक आहे का.

ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. “काकांनी मला अंगाखांद्यावर खेळवले आहे. त्यांच्याकडे कागद कसे मागू?”

चार भेटी आम्ही जिला चिंता म्हणत होतो ती भीड होती, हे मला तेव्हा उमगले. जे विचारण्याचा संकोच वाटतो ते टाळण्यासाठी मन तपासून झालेलेच पुन्हा तपासत बसते आणि त्यालाच तयारी समजते. ही खूण मला नंतर अनेकांच्या बाबतीत उपयोगी पडली.

मग सरावासाठी मी काकांची भूमिका घेतली. पहिल्या दोन प्रयत्नांत ते क्षमाच मागत राहिले, तिसऱ्यांदा म्हणाले, “काका, व्यवहार दोघांच्याही दृष्टीने पक्का व्हावा म्हणून तीन गोष्टी विचारतो.” एवढेच पुरेसे होते.

असे प्रश्न निदान महिनाभर आधी विचारावेत. खरेदीखताचा मसुदा आठवडाभर आधी मागून शांतपणे वाचावा, सोसायटीची थकबाकी आणि मालमत्ता कराच्या पावत्या पाहाव्यात, कर्जाचा धनादेश नेमका कोणत्या दिवशी मिळेल हे बँकेकडून लेखी घ्यावे, आणि दोन्ही साक्षीदारांना ओळखपत्रासह येण्यास सांगावे. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल, तर टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते, हेही विक्रेत्याशी आधीच बोलून घ्यावे. तारीख पुढे गेली तर घाबरू नये. सह्या झाल्यावरही दस्त नोंदणीसाठी सादर करण्यास कायद्याने चार महिने दिलेले आहेत.

काकांचे उत्तर त्यांनी मला फोनवर सांगितले: “बरे झाले विचारलेस. मीही हे कोणाला विचारू, याच विवंचनेत होतो.” सदनिका काका आणि काकू दोघांच्या नावावर होती आणि मृत्युपत्र नव्हते; त्यामुळे वारस म्हणून नागपूरच्या मुलीचीही सही हवी होती. तारीख ११ दिवस पुढे गेली. मुलगी रात्रीच्या गाडीने आली, दुय्यम निबंधकांसमोर वडिलांशेजारी बसून तिने अंगठा दिला, आणि मूळ कागदांची पिशवी काकांनी स्वतःच्या हाताने या गृहस्थांच्या मांडीवर ठेवली.