सरकारविरुद्ध खटला लढणं सामान्य माणसाला का परवडत नाही?
कोर्ट फी हा त्यातला लहान भाग. खरा मार वेळेचा असतो. सरकारी वकिलाची फी करदात्यांच्या पैशातून जाते, म्हणजे त्यात तुमचेही पैसे आले. तारखा वाढल्या, अपिलावर अपील झालं, तरी संबंधित अधिकाऱ्याच्या खिशाला झळ लागत नाही. तुमचे मात्र दर तारखेला पैसे जातात, रोजगार बुडतो तो वेगळाच.

अमेरिकेत १९८० च्या कायद्यानुसार सरकारची भूमिका समर्थनीय नसेल, तर जिंकलेल्या नागरिकाला वकिलाची फी सरकारकडून मिळू शकते. मला हे अगदी न्याय्य वाटतं. पण तीही निकालानंतर. तोवर लढायचं कशाच्या जोरावर? म्हणून आधी मोफत कायदेशीर मदतीची चौकशी करा, आणि तोच अन्याय झालेले इतर लोक सापडले तर एकत्र दावा लावा.