नवीन जॉइन झालीयेस तर कंबर आधी सांभाळ

अगं, पेशंट उचलायचा नसतो, सरकवायचा असतो, हे पहिलं डोक्यात घे. कामाच्या जागेची सुरक्षितता बघणारी अमेरिकेतली नायॉश संस्था म्हणते की पेशंट हाताने उचलताना एकीने पेलायची मर्यादा साधारण १६ किलो, तीही सगळं अनुकूल असेल तर, आणि आपल्याकडे ७० किलोचे आजोबा एकटीने वर ओढायला लावतात! सरळ सांगायचं, दुसरी सिस्टर किंवा वॉर्डबॉय मामा आल्याशिवाय हात लावणार नाही. ड्रॉशीट, म्हणजे पेशंटला सरकवायला त्याच्याखाली घालायची आडवी चादर, कायम अंथरलेली ठेव, बेड कमरेच्या उंचीला घे, आणि वळायचं असेल तेव्हा पाय वळव, कंबर पिळू नकोस.

व्हीलचेअरवर घेताना आधी ब्रेक, मग फूटरेस्ट वर, मग युरिन बॅग आणि सलाईनची नळी कुठे अडकतेय का ते बघ, ही नळी नेहमी शेवटच्या क्षणाला ताणली जाते. पॅरालिसिसचा पेशंट असेल तर खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला लाव. त्याला तुझ्या मानेला लटकू देऊ नकोस आणि तूही बगलेत हात घालून ओढू नकोस, त्याचा खांदा जातो.

पेशंट पडायला लागला तर झेलायला जाऊ नकोस, जवळ धरून तुझ्या पायावरून हळू खाली सरकू दे, डोकं सांभाळ.

कमरेच्या पट्ट्यावर फार विसंबू नकोस बाई. आणि सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात होमकेअरची ड्युटी लागली तर जिना आधी बघून ये, तिथे स्ट्रेचर वळतच नाही.