काकडीला आधी मीठ

मार्चच्या अंकात मी ओझरतं लिहिलं होतं, की बीजिंगच्या उन्हाळ्यात आमचं जेवण ठेचलेल्या काकडीने सुरू व्हायचं. कृती दिली नव्हती. त्यावर आलेल्या पत्रांमधली सहा इथे घेतली आहेत.

प्रश्न : मुलगी सिंगापूरला नोकरी करते. तिथे खाते तशी लसूण-तिळाची काकडी तिला सुट्टीत घरी हवी होती. मी चकत्या केल्या, सोया सॉस, व्हिनेगर, तिळाचं तेल, लसूण घातलं. मीठ नेहमीप्रमाणे अगदी वाढताना. पंधरा मिनिटांत वाडग्याच्या तळाला तपकिरी पाणी आणि काकडी बेचव. तीनदा केलं, तीनदा तेच. चुकतंय कुठे? (नाशिक)

उत्तर : ताई, चूक तुमची नाही, तुमच्या-माझ्या आयांची आहे. 'कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी घाल, नाहीतर पाणी सुटेल' हे आपल्या कानात लहानपणापासून बसलंय. कोशिंबिरीला ते लागूही पडतं. पण इथे सोया सॉस आहे, आणि तो मिठासारखाच खारट. तुम्ही मीठ हातात घ्यायच्या आधीच तो कामाला लागलेला असतो. काकडीत ९५ टक्के पाणी, ते सुटणारच. मसाल्याच्या आधी सुटलं तर मोरीत जातं, नंतर सुटलं तर वाडग्यात राहतं, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट चकत्यांची. नवऱ्याच्या नोकरीपायी २००४ ते २००८ आम्ही बीजिंगला होतो. समोरच्या दारी एक आजी राहायच्या. सगळी बिल्डिंग त्यांना 'नायनाय' म्हणायची, म्हणजे चिनीत वडिलांची आई. पहिल्याच जुलैत मी त्यांच्या ओट्याशी उभी राहून पातळ, एकसारख्या चकत्या कापत होते. हात बरा चाललाय असं मनात म्हणतेय, तोवर आजी ओरडल्या, "पाय! पाय!" मी दचकून पायांकडे पाहिलं. वाटलं, झुरळ! त्यांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली, आपला रुंद पात्याचा सुरा काकडीवर आडवा ठेवला आणि वरून तळहाताचा एक दणका दिला. काकडी लांबीला तीन-चार ठिकाणी उकलली, थोड्या बिया कडेला सांडल्या. 'पाय' म्हणजे चापट मारणं. पदार्थाचं नावच 'पाय ह्वांग ग्वा', चापट खाल्लेली काकडी.

सुरीने कापलेली बाजू काचेसारखी गुळगुळीत असते, सॉस तिच्यावरून घसरतो. फुटलेली बाजू खडबडीत. लसूण आणि तीळ तिच्या खाचांत अडकून बसतात. आपण काकडी चोचवतो (कुणी कोचवतात म्हणतं), तीही हीच गंमत, फक्त आपण बारीक करतो.

तुम्ही सुऱ्याच्या भानगडीत पडू नका. पोळपाटावर काकडी ठेवा आणि लाटण्याने दाबून एक ठोसा द्या. चिरडायची नाही, फक्त उकलायची. आवाज 'चट्' असा आला पाहिजे. 'पच्' आला तर काकडी जून किंवा हात जड. अर्धा किलो काकडीचे मग दीड-दोन इंचाचे तिरके तुकडे करा, सपाट चमचाभर मीठ चोळा आणि चाळणीत २० मिनिटं निथळत ठेवा. खाली पातेलं ठेवून बघा, जवळजवळ अर्धी वाटी पाणी जमतं. तेच तुमच्या वाडग्यात येत होतं. धुऊ नका, मुठीत घेऊन हलकंच दाबा.

तेवढ्यात लसणीच्या चार पाकळ्या ठेचून दहा मिनिटं तशाच ठेवा, वास चढतो. त्यात चमचाभर साखर, दीड मोठा चमचा व्हिनेगर, दोन लहान चमचे सोया सॉस. पाणी काढलेल्या काकडीवर हे घालायचं ते ताटं मांडल्यावर. वेगळं मीठ नाहीच. वर लाल तेल : जाडसर कुटलेल्या ब्याडगीवर आणि तिळांवर कडक तापवून क्षणभर निवू दिलेलं तेल ओतायचं. आपण तेलात तिखट टाकतो, ते तिखटावर तेल टाकतात, त्यामुळे जळत नाही. कोकणातलं कुणी हे वाचत असेल तर त्यात दोन तिरफळं ठेचून टाका, बी काढून. सेचुआनी स्वयंपाकातली जीभ झिणझिणवणारी मिरी तिरफळाच्याच कुळातली. चव तंतोतंत नाही, पण नातं लगेच कळतं.

प्रश्न : चिनी काळं व्हिनेगर इथे मिळत नाही. साधं पांढरं व्हिनेगर घातलं तर घशाला लागतं. आणि आमच्या घाण्याच्या तिळाच्या तेलाला तो वासच येत नाही. (सांगली)

उत्तर : काळं व्हिनेगर चिकट तांदळापासून करून मुरवतात, च्यांगसू प्रांतातल्या चनच्यांग गावचं प्रसिद्ध आहे. आपलं स्वस्त पांढरं व्हिनेगर म्हणजे नुसता आंबटपणा, मागे चव काही नाही. त्यात तेवढंच पाणी आणि चिमूटभर जास्त साखर घाला. गोव्याकडून कुणी येणार असेल तर माडाच्या सुरेचं व्हिनेगर मागवून घ्या. त्याचा मऊ आंबटपणा मला इथे सगळ्यात जवळचा वाटतो. लिंबू चालेल, पण मग लसूण निम्मी करा. दोघं भांडतात.

तेलाचं म्हणाल तर घाण्याचं तेल कच्च्या तिळांचं असतं आणि तिकडचं भाजलेल्या तिळांचं. बाटली शोधत बसू नका. दोन चमचे तीळ मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजा, तडतडायचे थांबले की उतरवा. गरम असतानाच खलबत्त्यात अर्धवट कुटा आणि तुमच्याच घाण्याच्या तेलात कालवा. तासाभराने वास घ्या आणि मला कळवा.

प्रश्न : मी पुण्यात होस्टेलवर राहतो. माझ्याकडे एक सुरी, एक डबा आणि पाण्याची स्टीलची बाटली आहे. गॅस नाही. जमेल का? (पुणे)

उत्तर : बाटली आहे ना, मग झालं! काकडी धुऊन स्वच्छ पिशवीत घाल आणि बाटलीच्या बुडाने ठोक. पिशवीमुळे भिंतीवर शिंतोडे उडत नाहीत. मीठ लाव, डबा झाकून वीस मिनिटं थांब, झाकण तिरकं धरून पाणी ओतून दे. वर सॉसच्या पुड्या रिकाम्या कर, त्या तुझ्या खोलीत असणारच. भाजलेले दाणे चुरून टाकलेस तर उत्तम. मेसच्या डाळभाताबरोबर खा. आणि अरे, सुरी जपून.

प्रश्न : आमच्याकडे गणपतीच्या सुमारास तवशी (कोकणातल्या मोठ्या काकड्या) उदंड होतात. शेजारी, पाहुणे, सगळ्यांना वाटूनही उरतात. त्यांचं हे करता येईल का? (रत्नागिरी)

उत्तर : तवसं ठेचू नका. साल जाड, पोटात बियांचा गाळ. ठोसा दिलात तर ओटा पुसायला लागेल. पण तुमच्या पत्राने मला एक जुनं कोडं आठवलं. 'ह्वांग ग्वा'चा शब्दशः अर्थ पिवळी काकडी. बीजिंगच्या बाजारात सगळ्या काकड्या हिरव्यागार, काटेरी, म्हणून मी नायनायना विचारलं, पिवळी कुठे आहे? त्या म्हणाल्या, वेलावर राहू दे, होईल. तेव्हा डोळ्यांसमोर आजोळच्या पडवीत टांगलेली पिवळीधमक तवशी आली.

कोवळं तवसं असेल तर जपानी पद्धत करा. 'सुनोमोनो' म्हणतात; 'सु' म्हणजे व्हिनेगर. साल काढा, उभं चिरून बिया चमच्याने खरवडा, मग कागदासारख्या पातळ चकत्या. इथे चकत्याच हव्यात, कारण ह्या पदार्थात लसूण नाही, तिखट नाही, अडकून बसायला काही नाही. मीठ लावून दहा मिनिटांनी मुठीत घट्ट पिळा, अगदी धुतलेल्या रुमालासारखं. मग व्हिनेगर, साखर आणि सोया सॉसचे दोन-चार थेंब. गार करून लहानशा वाटीत, दोन घास होतील एवढंच वाढतात. तळलेल्या बांगड्याबरोबर फार छान लागतं. हे जपानी नाही, माझं आहे.

जून तवशाचं मात्र धोंडसच (काकडीचा गोड केक) करा. त्याला तोड नाही.

आधी देठाकडचा तुकडा चाखून बघा. कडूपणा देठाशी आणि सालीखाली जास्त असतो. माझी आजी कापलेलं टोक घासून फेस काढायची. माझ्या मते खरं काम कापण्याचं, घासण्याचं समाधान. दोन बोटं कापूनही कडू लागलं तर टाकून द्या, साखरेने झाकू नका.

प्रश्न : रक्तदाब आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. हा पदार्थ विसरायचा का? (ठाणे)

उत्तर : विसरू नका, पण सोया सॉस विसरा. मोठ्या चमचाभर साध्या सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला २००० आहे. काकडी ठेचा, बिया काढा, मीठ न लावता चाळणीत फ्रिजमध्ये तासभर ठेवा. थोडं पाणी तरी उतरतं. भाजलेले तीळ, लसूण, लाल तेल, लिंबू, एवढ्यावर भागतं. लगेच खा, नंतर पाणी सुटेलच. किती मीठ चालेल ते डॉक्टरच सांगतील, मी नाही.

प्रश्न : आपली खमंग काकडी असताना ही परदेशी थेरं कशाला? (सही नाही, पोस्टाचा शिक्का सोलापूरचा)

उत्तर : खमंग काकडी मी आठवड्यातून दोनदा करते, तेव्हा भांडण नाही. तिच्यात सुटणारं पाणी दाण्याचं कूट पिऊन टाकतं, म्हणून आपल्याला निथळत ठेवावं लागत नाही. तुमच्या सोलापुरात शेंगाचटणीच हाताशी असते. ती भुरभुरून बघा.

राहता राहिलं परदेशी. काकडीचं मूळ हिमालयाच्या पायथ्याचं, आपल्याच बाजूचं. जपानी लोक काकडीला 'क्यूरी' म्हणतात, आणि ते ज्या चिनी अक्षरांत लिहितात त्यातलं पहिलं पश्चिमेकडच्या परक्यांसाठी वापरलं जायचं. म्हणजे त्यांच्या लेखी थेरं आपली! थाई लोक साटेबरोबर (काडीला लावून भाजलेलं मांस) काकडी, कांदा, मिरची साखर-व्हिनेगरच्या पाकात घालून देतात, त्याला 'आचाट' म्हणतात. हळू म्हणून बघा, हिंदीतला 'अचार' ऐकू येतो का.