तिखट घरचं, गोड वाडीचं

तुमचा प्रश्न वाचला. नोकरीसाठी बाहेरगावी एकट्या राहताय, संध्याकाळी सातला घरी आलं की भूक खवळलेली असते, पाकिटातलं खाऊन कंटाळा आलाय, तर घरी करून ठेवता येईल असा साधा खाऊ कुठला आणि आमच्या भागात गोड काय खातात. मी मूळचा मिरज तालुक्यातला, पुण्यात येऊन आता चौदा वर्षं झाली, आणि पहिली चार वर्षं तुमच्यासारखीच एका खोलीत काढलीत त्यामुळे ही सातची भूक मला चांगली माहितीय. आमच्याकडे पहिल्यापासून असंच चालत आलंय की तिखट घरी करायचं आणि गोड वाडीवरनं आणायचं. वाडी म्हणजे नरसोबाची वाडी, तिकडं येतोच पुढं.

आधी तिखट. एकच सांगा म्हटलं तर मी डोळे झाकून भडंग सांगेन. चिवडा नाही, भेळ नाही, भडंग. सांगली, जयसिंगपूर, कोल्हापूर या पट्ट्यात कुठल्याही घरात जा, फडताळात वरच्या फळीवर स्टीलचा एक मोठा डबा असतोच आणि पाहुणा आला की चहाच्या आधी बशीत तेच येतं. सामान किती थोडं बघा, चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, कढीपत्ता, तेल, तिखट, हळद, मीठ, चिमूटभर जिरं आणि थोडी पिठीसाखर. आमच्यात मेतकूटही घालतात, ते असलं तर उत्तम, नसलं तर काही अडत नाही.

हे मी आत्तीकडनं शिकलो (आत्ती म्हणजे वडिलांची बहीण, कोल्हापूर सांगलीकडं आत्तीच म्हणतात). ती सगळ्यात जास्त वेळ कशावर घालवायची तर चुरमुऱ्यावर. उन्हाळ्यात पत्र्यावर धोतराच्या फडक्यावर पसरून ऊन द्यायची, पावसाळ्यात मोठ्या कढईत अगदी मंद आचेवर हलवत बसायची, आणि मधनंच एक चुरमुरा चिमटीत धरून दाबायची. कटकन मोडला तर झालं, दबून चपटा झाला तर अजून पाच मिनिटं. मी कितीदा म्हटलं असेल की आत्ती बास आता, पण ती चिमटीत मोडल्याशिवाय पुढं सरकायची नाही. पुण्यात पहिल्यांदा मी स्वतः केलं तेव्हा ही पायरी गाळली, जुलै महिना होता, दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर सगळं चामट. तेव्हा कळलं की चुरमुरा हवेतलं पाणी लगेच ओढतो आणि आतला ओलावा घालवल्याशिवाय वरनं कितीही फोडणी घातली तरी कुरकुरीतपणा टिकत नाही.

प्रमाण असं घ्या. पाव किलो चुरमुरे, तेही जरा जाड, मोठे, आमच्याकडं दुकानात भडंगाचे चुरमुरे म्हणूनच मागतात, बारीक भेळेचे घेतलेत तर तेलानं मऊ पडतील. पाऊण वाटी शेंगतेल, एक वाटी शेंगदाणे, लसणाचे दोन मोठे गड्डे, दोन मूठ कढीपत्ता. पहिल्यांदा त्यातलं दोन चमचे तेल, हळद, अर्धं तिखट आणि मीठ हे सुक्या चुरमुऱ्यांना हातानं चोळून घ्या, चोळून म्हणजे कुस्करून नाही, खालनं वर घेत हलक्या हातानं, सगळे सारखे केशरी दिसेपर्यंत. मग उरलेल्या तेलात शेंगदाणे मंद तळून बाजूला काढा. लसूण सालीसकट खलबत्त्यात नुसता ठेचायचा, पेस्ट करायची नाही, आणि तो तेलात सोडून घाई करायची नाही. इथंच बहुतेकांचं भडंग फसतं. लसूण वरनं तांबूस झाला की लोक गॅस बंद करतात पण आत तो ओलाच असतो आणि तोच ओलावा डब्यात चुरमुऱ्याला लागतो, म्हणून तो पार कडक होऊन तेलावर तरंगेपर्यंत थांबा, तसाच कढीपत्ता, पान बोटानं चुरलं तर भुगा झाला पाहिजे. मग जिरं, मग गॅस बंद, आणि दोन मिनिटं थांबून उरलेलं तिखट. लगेच टाकलंत तर तिखट जळून काळं पडेल आणि घरभर ठसका उठेल. ही फोडणी चुरमुऱ्यावर ओतायची, शेंगदाणे घालायचे, सगळं एकत्र करून परत पाच सात मिनिटं मंद आचेवर हलवायचं. पिठीसाखर दोन चमचे आणि मेतकूट हे पूर्ण गार झाल्यावरच, गरमात साखर घातली की ती विरघळते आणि चिकट होतं.

खायच्या वेळी तेवढ्यापुरतं ताटलीत घ्या, वर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू, आणि झेपत असेल तर बाजूला कच्ची हिरवी मिरची. डब्यात कांदा कधी मिसळू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात हे पंधरा दिवस आरामात राहतं, राहिलं तर. आणि हळद मात्र चांगली घ्या, जुनी फिकी पडलेली नको. मी सांगलीचा आहे म्हणून नुसतं कौतुक करत नाहीये, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि सांगलीजवळ हरिपूरला पूर्वी जमिनीखाली पेवं काढून त्यात हळद साठवायचे, वर्षानुवर्षं टिकायची ती. २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली. ते आठवलं की अजून वाईट वाटतं, कारण असली साठवणीची पद्धत परत कोण उभी करणार.

भडंग करायलाही वेळ नसला तर ज्वारीच्या लाह्यांचं पीठ आणून ठेवा. वाटीभर पीठ, त्यात ताक, मीठ, थोडं जिरं, झालं. गोड हवं असेल तर दूध गूळ. नागपंचमीला आमच्याकडं घरी लाह्या फोडतात आणि उरलेल्या लाह्यांचं पीठ पुढं महिनाभर चालतं, आज्जी तर उपाशी पोरगं दिसलं की आधी हेच द्यायची. शिळी भाकरी असली तर ती कुस्करून कांदा लसूण मसाल्याच्या फोडणीत परतायची, वर दही. दहा मिनिटं. यापेक्षा जास्त याबद्दल काय सांगू, करून बघा.

आता गोड. नरसोबाची वाडी शिरोळ तालुक्यात आहे, कोल्हापूर जिल्हा, पण सांगलीहून वीस बावीस किलोमीटर, त्यामुळे आम्हा सांगलीकरांना ती आपलीच वाटते. कृष्णा आणि पंचगंगेचा संगम, घाटावर दत्ताचं देऊळ, पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढत चढत देवळात शिरतं आणि पादुकांवरनं वाहत दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि लोक त्यात अंघोळीला लांबून येतात. आमच्या घरी पौर्णिमेला वडील वाडीला जायचे आणि येताना तीन गोष्टी ठरलेल्या, बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी. संध्याकाळी फाटकाचा आवाज आला की आम्ही चौघं भावंडं पिशवीकडं बघायचो, वडलांकडं नाही.

वाडीची बासुंदी आणि नदीपलीकडच्या कुरुंदवाडची बासुंदी, दोन्ही नावाजलेल्या, आणि कुठली चांगली यावर आमच्या घरात दोन तट आहेत. मी वाडीचा. दोन्हीकडं मूळ गोष्ट एकच आहे, नदीकाठचा भाग, बारमाही हिरवा चारा, घरोघरी म्हशी, आणि म्हशीचं दाट दूध. त्यात घालायचं काय तर साखर आणि वेळ. ही बासुंदी रबडीसारखी लच्छेदार नसते, पातळही नसते, चमच्यावरनं सावकाश ओघळते, रंग पांढरा नाही तर हलका बदामी, दूध खूप वेळ उकळल्यावर जो येतो तो. पुण्यात एका ठिकाणी मोठ्या नावानं बासुंदी मिळते म्हणून आणली तर पहिल्या घोटालाच पिठूळ लागली, जिभेवर खळीसारखा थर. कॉर्नफ्लॉवर की कस्टर्ड काय असेल ते असो, आटवून झालेली दाटी आणि पीठ घालून आणलेली दाटी यातला फरक ज्यानं वाडीची खाल्लीय त्याला लगेच कळतो.

घरी करायची असेल तर दोन लिटर म्हशीचं दूध, सगळ्यात पसरट आणि जाड बुडाची कढई, आणि दीड तास मोकळा. पसरट अशासाठी की पाणी वरनंच उडून जाणार, तोंड जेवढं मोठं तेवढं लवकर. उकळी आली की आच मध्यम करा आणि कडेला जी साय चिकटते ती उलथण्यानं खरवडून परत दुधात ढकलत राहा, चव त्या सायीतच आहे. बूड लागू द्यायचं नाही, एकदा करपट वास आला की तो जात नाही, फेकून द्यावं लागतं. दूध निम्म्याच्या खाली आलं की मगच साखर, शंभर सव्वाशे ग्रॅम पुरे. साखर घातल्यावर ते परत पातळ होतं, घाबरू नका, दहा मिनिटांत जमतं. वेलची थोडी, जायफळ चिमूटभर, आणि ड्रायफ्रूट घालायचा मोह आवरा.

कवठाची बर्फी बऱ्याच जणांना माहितीच नसते. कवठ म्हणजे ते कडक कवचीचं चेंडूएवढं फळ, आत तपकिरी आंबटगोड गर. वाडीत याची बर्फी मिळते, आंबूस, गोड, किंचित तुरट, एक तुकडा खाल्ला की दुसरा घ्यावाच लागतो. मी घरी बर्फी करत नाही पण महाशिवरात्रीच्या सुमाराला बाजारात कवठं येतात तेव्हा चटणी करतो, गर, गूळ, तिखट, जिरं, मीठ, बास. पिकलेलं कसं ओळखायचं तर हातभर उंचीवरनं फरशीवर टाकायचं, उसळलं तर कच्चं, ठप्प करून पडलं तर पिकलेलं.

वर म्हटलं की गोड वाडीवरनं आणायचं, त्याला एक अपवाद आहे आणि तो म्हणजे खपली गव्हाची खीर. ही विकत आणून खायची गोष्टच नाही. आमच्याकडं यात्रा असो, वास्तुशांत असो, गावजेवण असो, ताटात ही खीर असणारच, मोठ्या काहिलीत शिजते आणि वाटीत नाही तर ताटात वाढतात. खपली हा जुन्या वाणाचा गहू, त्याची साल दाण्याला घट्ट धरून असते म्हणून आधी कांडून काढावी लागते, आता सडलेली खपली तयार मिळते ती आणा. एक वाटी रात्री भिजत घाला, सकाळी तिप्पट पाण्यात कुकरला सहा सात शिट्ट्या आणि नंतर मंद आचेवर पंधरा मिनिटं. दाणा बोटानं दाबला तर लोण्यासारखा मोडला पाहिजे आणि तरी अख्खा दिसला पाहिजे. तो असा शिजल्याशिवाय गूळ घालू नका, गूळ आधी पडला की दाणा आखडतो आणि मग कितीही शिट्ट्या काढा, कडकच राहतो. गूळ सव्वा वाटी, कोल्हापुरी असला तर छान, पण पांढराधोप नको, तांबूस बघून घ्या. मग किसलेलं सुकं खोबरं भाजून, भाजलेली खसखस, सुंठ, वेलची, आणि बडीशेप भरडून. बडीशेप विसरू नका, तिच्याशिवाय ती आमची खीर वाटत नाही. दूध मात्र खिरीच्या पातेल्यात ओतायचं नाही, गरम गुळात दूध नासतं. खीर कोमट झाली की ज्यानं त्यानं आपल्या वाटीत वरनं गार दूध आणि तूप घ्यायचं. दोन दिवस फ्रीजमध्ये मस्त राहते, उलट दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. तुम्ही एकट्या आहात तर रविवारी एवढी करून ठेवा, मंगळवारपर्यंत सातच्या भुकेची काळजी नाही.

आणि कधी तिकडं येणं झालं तर सांगलीवरनं जयसिंगपूरमार्गे या, शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेलं गाव ते, रस्ते बघा कसे सरळ आखलेत. वाडीला दर्शन घेऊन बासुंदी तिथंच बसून खा, पार्सल घेऊन पुण्यामुंबईपर्यंत उन्हात नेऊ नका, पेढे आणि बर्फी न्या ती टिकतात. परत जाताना जयसिंगपूरला उतरून चुरमुरे घ्या, दुकानात भडंगाचे पाहिजेत म्हणून सांगा, आणि पिशवी बांधायच्या आधी एक काढून चिमटीत दाबून बघा.