घनता जास्त म्हणून पोलादात ध्वनी वेगाने जातो, हे खरं आहे का? आणि मोठ्याने ओरडलं तर आवाज लवकर पोहोचतो का?

नाही. नुसती घनता वाढली तर ध्वनी उलट मंदावतो. पोलादात तो वेगाने जातो, कारण पोलाद त्याच्या घनतेच्या मानाने प्रचंड ताठ असतं.

नेमका हाच प्रश्न मला पदवीच्या तोंडी परीक्षेत आला होता. मी उत्तर दिलं, "स्थितिस्थापकतेमुळे," म्हणजे याच ताठपणामुळे. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "चूक. कण जवळजवळ, घनता जास्त, म्हणून वेग जास्त." मी विचारलं, "सर, मग हायड्रोजनचं काय? हवेपेक्षा चौदापट हलका, तरी त्यात ध्वनी सेकंदाला १३०० मीटर जातो. हवेत ३४३." यावर "वायूंची गोष्ट निराळी" म्हणाले. बरं, वायू सोडले. शिसं घ्या म्हटलं. पोलादापेक्षा जास्त घनतेचं, पण पोलादात वेग ५९०० मीटरच्या आसपास आणि शिशात जेमतेम २२००. पुस्तक टेबलावरच होतं. मागचं कोष्टक उघडून पुढे केलं, त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्यानंतर आत गेलेल्या मित्राने "घनता" सांगितलं आणि पूर्ण गुण घेऊन आला. माझे गुण गेले ते गेले, पण समोर धरलेलं कोष्टक न बघणं मला आजही सहन होत नाही.

ताठपणा भागिले घनता, त्याचं वर्गमूळ म्हणजे वेग. सरकलेला कण किती जोराने मूळ जागी ओढला जातो ते ताठपणा ठरवतो, आणि घनता म्हणजे हलवायचं जडत्व. हवा आणि हायड्रोजन एकाच दाबाला असले की दोघांचा ताठपणा जवळपास सारखा, फरक उरतो तो घनतेचा. घनतेचं गुणोत्तर १४.४, त्याचं वर्गमूळ ३.८. आता १३०० ला ३४३ ने भागून बघा. यापेक्षा स्वच्छ पुरावा असूच शकत नाही.

ओरडण्याचं म्हणाल तर त्याने आयाम, म्हणजे कण किती दूरवर हलतात ते, वाढतो, वेग नाही.

गाईडमध्ये "घनता जास्त म्हणून" छापलेलं असेल तर ते पाठ करू नका. परीक्षेत हायड्रोजन आणि शिसं दोन्ही लिहा, आकड्यांसकट. गुण कापले तर पेपर पुन्हा तपासायला द्या.

हवेचा आकडा २० अंश सेल्सिअसचा आहे, तापमान वाढलं की तोही वाढतो. धातूंचे आकडे जाड ठोकळ्याचे आहेत, बारीक सळईत ते कमी भरतात. आणि स्फोटाच्या अगदी जवळच्या आघात तरंगांना आयामाचा नियम लागू नाही, ते खरोखरच ध्वनीपेक्षा वेगाने धावतात.